एक वही की अनेक वह्या? कर्नलच्या दप्तरातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
संगणकात एकाऐवजी चार प्रोसेसर बसवले, तर काम चौपट वेगाने व्हावे, असे कोणालाही वाटेल. १९८० आणि १९९० च्या दशकांत असे संगणक बांधणाऱ्यांचा अनुभव मात्र निराळा होता. प्रोसेसर वाढत गेले तसा प्रत्येक नव्या प्रोसेसरचा उपयोग घटत गेला, कारण ते सारे एकाच ठिकाणी येऊन खोळंबत होते. ते ठिकाण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अर्थात कर्नल. या खोळंब्यावर जो उपाय निघाला, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
कर्नल हा संगणकाचा कारभारी. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर द्यायचा, कोणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवरील कोणती जागा कोणाची, हे सारे तोच ठरवतो. कारभार म्हटला की नोंदी आल्या: मोकळ्या मेमरीची यादी, चालण्यास सज्ज असलेल्या कामांची रांग, आलेल्या-गेलेल्या संदेशांची मोजणी. प्रोसेसर एकच असेल, तर या वहीत लिहिणारा हातही एकच. प्रोसेसर अनेक झाले की एकाच पानावर अनेक हात पडू लागतात.

३/
त्याने काय बिघडते? वहीत ४१ हा आकडा आहे असे समजू. पहिला प्रोसेसर ४१ वाचतो, दुसराही त्याच वेळी ४१ वाचतो. दोघेही एक मिळवून ४२ लिहितात. घटना दोन घडल्या, नोंद एकीचीच राहिली. मोजणीपुरती ही चूक क्षुल्लक वाटेल. पण हाच प्रकार मेमरीच्या यादीत घडला, तर मेमरीचा एकच तुकडा दोन प्रोग्रामांच्या हाती पडतो आणि एकाची माहिती दुसरा पुसून टाकतो.

४/
यावर दोन मार्ग संभवतात. पहिला म्हणजे वहीला कुलूप लावणे. ज्याच्याकडे किल्ली तो लिहील, बाकीचे थांबतील. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली या मार्गाची सैद्धांतिक पायाभरणी केली. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येकाला स्वतःची वही देणे. पेढीवर प्रत्येक खिडकीची रोजकीर्द निराळी असावी आणि बेरीज सायंकाळी खतावणीत घ्यावी, तसा. कर्नलच्या भाषेत यालाच ‘पर-सीपीयू डेटा’, म्हणजे प्रति-प्रोसेसर नोंदी म्हणतात.

५/
हा दुसरा मार्ग अलीकडचा वाटतो, पण त्याची मुळे १९६० च्या दशकात आहेत. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यात इंटरप्ट आला, म्हणजे चालू काम थांबवून तातडीच्या गोष्टीकडे पाहण्याचा इशारा झाला, की प्रोसेसर आपली त्या क्षणाची अवस्था मेमरीच्या अगदी आरंभीच्या ठरावीक पत्त्यांवर लिहून ठेवीत असे. हे पत्ते यंत्राच्या रचनेतच पक्के केलेले होते.

६/
एका प्रोसेसरला ही सोय उत्तम होती. पण दोन प्रोसेसर एकच मेमरी वापरू लागले आणि दोघांनाही एकाच वेळी इंटरप्ट आला, तर दोघेही एकाच पत्त्यावर लिहिणार आणि एकाची अवस्था कायमची नष्ट होणार. आयबीएमच्या अभियंत्यांनी यावर ‘प्रीफिक्स’ची योजना केली. प्रोसेसरने ० ते ४०९५ यांपैकी पत्ता उच्चारला, की यंत्र तो परस्पर त्या प्रोसेसरसाठी राखून ठेवलेल्या निराळ्या जागेकडे वळवी. पत्ता एकच, पण प्रत्येकाचे घर वेगळे. पुढे सिस्टीम/३७० मध्ये ही जागा ठरवण्याचे रजिस्टर प्रोग्रामच्या हाती आले.

७/
त्याच दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते. तिचे यंत्र, जीई-६४५, अनेक प्रोसेसर सामावून घेणारे होते. मल्टिक्समध्येही प्रत्येक प्रोसेसरसाठी मेमरीचा एक स्वतंत्र खंड राखलेला असे. म्हणजे प्रश्न आणि त्याचे उत्तर, दोन्ही तेव्हाच माहीत होते.

८/
१९६९ मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्या प्रकल्पावर काम केलेले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर नवी व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. तीच पुढे युनिक्स झाली. त्या यंत्रात प्रोसेसर एकच होता. नंतरच्या पीडीपी-११ मध्येही एकच. मल्टिक्सचा पसारा टाळून साधेपणा साधणे हेच युनिक्सचे बळ होते, आणि टाळलेल्या पसाऱ्यात अनेक प्रोसेसरांचा विचारही होता.

९/
युनिक्सच्या कर्नलने दोन सोपे नियम पाळले. एखादे काम कर्नलमध्ये शिरले, की ते आपणहून थांबेपर्यंत दुसऱ्या कामाला प्रोसेसर द्यायचा नाही. आणि नाजूक नोंद करताना तेवढ्यापुरते इंटरप्ट रोखून धरायचे. एवढे केले की वहीवर दुसरा हात पडणे अशक्य. कुलपांची गरजच उरली नाही. ‘प्रोसेसर एकच आहे’ हे गृहीतक कोठेही स्वतंत्रपणे लिहिलेले नव्हते, तरी कर्नलच्या पानापानांत ते मुरलेले होते.

१०/
१९८० च्या दशकारंभी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज गोबल आणि मायकल मार्श यांनी व्हॅक्स-११/७८० यंत्राला दुसरा प्रोसेसर जोडला. गृहीतक मोडू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. एक प्रोसेसर मुख्य, दुसरा दुय्यम. कर्नल केवळ मुख्य प्रोसेसरवर चाले. दुय्यम प्रोसेसर प्रोग्राम चालवी, आणि प्रोग्रामला कर्नलची सेवा लागली की तो मुख्याच्या स्वाधीन करी. गणिती कामांना याचा चांगला लाभ झाला. पण जेथे कर्नलची गरज वारंवार पडे, तेथे मुख्य प्रोसेसरपुढे रांग लागे.

११/
१९८४ च्या सुमारास ओरेगॉनमधील सीक्वेंट कंपनीने ‘बॅलन्स’ ही संगणकमालिका आणली. तिच्यातील सर्व प्रोसेसर समान दर्जाचे होते आणि कर्नल कोणावरही चालू शके. त्यासाठी युनिक्समध्ये जागोजाग कुलपे बसवावी लागली. जुन्या वाड्याच्या प्रत्येक खोलीला नव्याने दार आणि कडी बसवण्यासारखे हे काम होते. कोणती खोली कोणत्या खोलीतून उघडते, याचा नकाशा मूळ बांधणाऱ्यांनी काढलेलाच नव्हता.

१२/
लिनक्सलाही याच वाटेने जावे लागले. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तो एका प्रोसेसरच्या घरगुती संगणकासाठी लिहिला. जून १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय आली. या कामात अॅलन कॉक्स यांचा वाटा मोठा होता. उपाय मात्र सरधोपट होता: साऱ्या कर्नलला मिळून एकच कुलूप, ‘बिग कर्नल लॉक’. एका वेळी एकच प्रोसेसर आत. पुढच्या आवृत्त्यांत या कुलपाचे लहान लहान तुकडे होत गेले, तरी त्याचा शेवटचा अवशेष निघून जाण्यास मे २०११ ची २.६.३९ ही आवृत्ती उजाडावी लागली. म्हणजे जवळजवळ १५ वर्षे.

१३/
दरम्यान आणखी एक अडचण उघड झाली होती. कुलपापाशी कोणी थांबलेले नसतानाही सामायिक नोंद महाग पडत होती. याचे कारण कॅश. प्रोसेसर मेमरीपेक्षा फार वेगवान असतो, म्हणून तो लागणाऱ्या माहितीची प्रत स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो. अनेक प्रोसेसरांपाशी एकाच नोंदीच्या प्रती असतील, तर एकाने बदल करताच इतरांच्या प्रती रद्द कराव्या लागतात. इलिनॉय विद्यापीठातील मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ मध्ये मांडलेला नियमसंच याच शिस्तीचा आहे. ‘मेसी’ या नावाने तो आजही शिकवला जातो.

१४/
या शिस्तीचा परिणाम असा की ज्याला लिहायचे आहे, त्याला आधी त्या नोंदीचा एकाधिकार मिळवावा लागतो. आठ प्रोसेसर एकच आकडा वाढवत असतील, तर तो आकडा एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये अखंड फिरत राहतो. प्रत्यक्ष बेरजेला लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट वेळ या प्रवासातच जातो. कुलूप लहान करून वा काढून टाकूनही हा खर्च टळत नाही. तो टाळायचा, तर नोंद सामायिक असताच कामा नये. येथे दुसऱ्या मार्गाला, निराळ्या वह्यांना, पर्याय उरला नाही.

१५/
मेमरीवाटपात हा मार्ग लवकर आला. सीक्वेंटमधील पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९३ मध्ये अशी रचना मांडली की प्रत्येक प्रोसेसरपाशी मोकळ्या तुकड्यांचा छोटा साठा असावा, आणि तो संपला वा फार वाढला तरच सामायिक कोठाराकडे जावे. २००१ मध्ये सनमधील जेफ बॉनविक यांनी जोनाथन अॅडम्स यांच्यासह सोलारिससाठी याच कल्पनेला बंदुकीच्या ‘मॅगझिन’ची उपमा दिली. गोळ्या संपल्या की रिकामे मॅगझिन कोठारात टाकायचे आणि भरलेले उचलायचे. एका कुलपाचा खर्च मग अनेक व्यवहारांत विभागला जातो.

१६/
लिनक्समध्ये हे वळण ठळकपणे आले ते जानेवारी २००२ मध्ये. तोवर सज्ज कामांची रांग साऱ्या प्रोसेसरांना मिळून एकच होती. पुढचे काम निवडण्यासाठी ती पूर्ण चाळावी लागे, आणि तेवढा वेळ तिला कुलूप असे. इंगो मोलनार यांच्या नव्या शेड्युलरने प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग दिली. तिच्यात १४० अग्रक्रम होते, आणि कामे कितीही असली तरी निवडीला लागणारा वेळ सारखाच राही. एखादा प्रोसेसर रिकामा झाला, तर तो दुसऱ्याच्या रांगेतून काम उचलून आणी.

१७/
पण वह्या वेगळ्या करणे दिसते तितके सोपे नव्हते. आरंभी प्रोग्रामर साधा अॅरे वापरत, प्रोसेसरच्या क्रमांकागणिक एक घर. त्या काळच्या ३२-बिट एक्स८६ लिनक्समध्ये कमाल ३२ प्रोसेसर धरलेले असत. संगणकात दोनच प्रोसेसर असले, तरी घरे ३२ राखलेली. शिवाय कॅश एकेक आकडा हलवत नाही, ती सलग पट्टा हलवते. आजच्या बहुतेक एक्स८६ प्रोसेसरांत हा पट्टा ६४ बाइटांचा असतो. त्यात चार बाइटांचे १६ आकडे मावतात. म्हणजे वह्या वेगळ्या असूनही त्या एकाच पाटीत ठेवल्यामुळे पाटीवरूनच ओढाताण होई.

१८/
२००२ मध्येच ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांच्या कामातून लिनक्सला यासाठी एक नेटकी सोय मिळाली. प्रोग्रामरने चल घोषित करताना तो ‘पर-सीपीयू’ आहे एवढेच सांगायचे. असे सारे चल कर्नलच्या एका खास विभागात एकत्र ठेवले जातात. संगणक सुरू होताना या विभागाची एकेक प्रत प्रत्येक प्रोसेसरसाठी काढली जाते, आणि आपली प्रत किती अंतरावर आहे हे त्या त्या प्रोसेसरसाठी नोंदले जाते. एका प्रोसेसरच्या नोंदी एकत्र येतात, दुसऱ्याच्या दूर राहतात. २००९ मध्ये तेजुन हो यांनी, कर्नल चालू असताना मागितलेल्या जागाही याच पद्धतीत आणल्या.

१९/
त्याच वर्षी, २००२ मध्ये, रॉबर्ट लव्ह यांच्या कामामुळे लिनक्सच्या विकासाधीन आवृत्तीत आणखी एक बदल झाला. कर्नलमध्ये चालू असलेले कामही आता मध्येच थांबवता येऊ लागले. वापरणाऱ्याला संगणक अधिक तत्पर वाटू लागला, पण प्रति-प्रोसेसर नोंदींवर नवे संकट आले. काम प्रोसेसर ‘३’ वर आहे, ते आपल्या वहीचा पत्ता शोधते, तेवढ्यात थांबवले जाते आणि पुन्हा सुरू होते ते प्रोसेसर ‘५’ वर. हातात मात्र ‘३’ ची वही! म्हणून वही उघडण्यापूर्वी स्थलांतर रोखायचे आणि मिटल्यावर मोकळे करायचे, ही शिस्त बंधनकारक झाली. युनिक्सचा ‘मध्ये थांबवायचे नाही’ हा जुना नियम असा लहान रूपात परत आला.

२०/
ही शिस्तही महाग वाटू लागली, तेव्हा मदत यंत्राकडून आली. २००३ मध्ये बाजारात आलेल्या एएमडी ऑप्टेरॉनने ६४-बिट एक्स८६ रचना रूढ केली. तिच्यात ‘जीएस’ हे रजिस्टर आहे, आणि कर्नलमध्ये शिरताना त्यातील पत्ता बदलण्यासाठी खास आज्ञाही आहे. लिनक्स या रजिस्टरात त्या प्रोसेसरच्या वहीचा पत्ता ठेवतो. क्रिस्टोफ लॅमेटर यांनी २००९-१० च्या सुमारास यावर आधारित क्रिया आणल्या. वही शोधणे आणि आकडा वाढवणे, दोन्ही एकाच यंत्र-आज्ञेत. मध्ये थांबवायला फटच उरली नाही. आज्ञा तीच, पण प्रत्येक प्रोसेसरची जागा निराळी. आयबीएमच्या प्रीफिक्सची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

२१/
या प्रवासात भारतातील हातही होते. सीक्वेंटमध्ये जन्मलेली ‘आरसीयू’ ही पद्धत १९९९ मध्ये ती कंपनी आयबीएमने विकत घेतल्यावर लिनक्सकडे आली. जुनी नोंद वाचणारे सर्व जण बाजूला होईपर्यंत ती नष्ट करायची नाही, हे तिचे सूत्र. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरने ‘माझे वाचन संपले’ अशी खूण आपल्या वहीत करायची असते. २००१ मध्ये यावर सादर झालेल्या निबंधाच्या लेखकांत आयबीएम इंडियाचे दीपंकर सरमा आणि मनीष सोनी होते. ऑक्टोबर २००२ मध्ये, २.५.४३ या आवृत्तीत, सरमा यांनी सिद्ध केलेले रूप लिनक्समध्ये दाखल झाले.

२२/
आता या उपायाची किंमत पाहू. वह्या वाटल्या की लिहिणे स्वस्त होते आणि बेरीज महाग. ‘या क्षणी एकूण किती?’ याचे उत्तर कोणत्याच एका पानावर नसते. साऱ्या वह्या चाळाव्यात, तर पहिली वाचून शेवटचीपर्यंत पोहोचेतो पहिली बदललेली असते. लिनक्सने तडजोड केली. प्रत्येकाने ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्या वहीत मोजावे, मर्यादा गाठली की सामायिक आकड्यात भर घालावी. ही मर्यादा सर्वसाधारणपणे ३२ किंवा प्रोसेसरांच्या संख्येची दुप्पट, यांपैकी जी मोठी ती. ६४ प्रोसेसर असतील तर १२८. म्हणजे सामायिक आकडा खऱ्या बेरजेपासून ८,१९२ च्या आसपास दूर असू शकतो.

२३/
एवढी चूक चालते का? ते काय मोजले जात आहे यावर अवलंबून आहे. ‘एक्स्ट४’ या फाइल सिस्टीमने यावर शहाणपणाचा तोडगा काढला आहे. डिस्कवर मोकळी जागा भरपूर असेल, तर अंदाजे आकडा पुरतो. जागा संपत आली की ती अंदाजावर विसंबत नाही. साऱ्या वह्या उघडून नेमकी बेरीज करते, मग त्याला वेळ लागला तरी चालेल. नसलेली जागा देऊ केली, तर वापरणाऱ्याची माहिती बुडेल. सुबत्तेत अंदाज आणि टंचाईत काटेकोर मोजणी, हा नियम कोणत्याही दप्तराला लागू पडावा.

२४/
दुसरी किंमत हिशेब सोपवण्याची. चालू संगणकातून एखादा प्रोसेसर बंद करता येतो. त्याच्या वहीतील शिलकीचे मग काय? रांगेतील कामे दुसरीकडे न्यावी लागतात, मेमरीचा साठा कोठारात परत करावा लागतो, मोजणी कोणाच्या तरी नावे जमा करावी लागते. यातील एक पायरी राहिली, की मेमरी हरवते वा काम कायमचे अडकते. कर्नलमधील ही सोपवणूक बरीच वर्षे चुकांचे आगर होती. थॉमस ग्लाइक्सनर यांनी केलेली तिची फेरमांडणी २०१६ पासून कर्नलमध्ये येऊ लागली आणि प्रत्येक पायरीला निश्चित क्रम मिळाला.

२५/
२०१० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरांच्या यंत्रावर सात प्रोग्राम चालवून लिनक्सचे परीक्षण केले. अनेक कोंड्या त्यांना सामायिक मोजणीत सापडल्या, आणि त्यावर त्यांनी योजलेला उपाय प्रति-प्रोसेसर मोजणीचाच होता. २०१८ मध्ये, लिनक्स ४.१८ पासून, ही सोय कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्रामांनाही खुली झाली. प्रोसेसर बदलला तर नोंदीचा छोटा भाग पुन्हा पहिल्यापासून चालवायचा, अशी ती पद्धत आहे.

२६/
हा इतिहास ‘अज्ञानाकडून ज्ञानाकडे’ अशा सरळ रेषेत जात नाही. उत्तर १९६० च्या दशकातच उपलब्ध होते. थॉम्प्सन आणि रिची यांनी ते जवळून पाहिले होते, आणि तरीही आपल्या लहान यंत्रासाठी त्याची गरज मानली नाही. त्यांच्यापुढील परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता. तो साधेपणा नसता तर युनिक्स इतका पसरलाच नसता. पण युनिक्स जिथे जिथे पोहोचला, तिथे ‘प्रोसेसर एकच’ हे न लिहिलेले गृहीतकही पोहोचले, आणि ते उकरून काढण्याचे काम पुढच्या दोन पिढ्यांच्या वाट्याला आले.

२७/
जुन्या कागदपत्रांत काय लिहिले आहे, हे इतिहासाचा अभ्यासक वाचतोच. लिहिणाऱ्याला काय इतके स्वाभाविक वाटले की त्याने ते लिहिलेच नाही, हेही त्याला शोधावे लागते. कर्नलचा कोड हेही एक दप्तरच आहे, आणि त्यातील प्रत्येक कुलूप व प्रत्येक वेगळी वही अशाच एखाद्या मौनाचा पत्ता सांगते.